सावनीला यंदा फुलू द्यायचं होतं

वासूदादा गेल्याचा फोन वहिनींनीच केला. "भाऊजी, तुमचे भाऊ गेले जी," एवढं सांगून त्या थांबल्या... आणि मग म्हणाल्या, "आज त्या झाडाले पाणी नाई पडलं." त्या नागपूरच्या दवाखान्यात होत्या, झाड सानगडीला अंगणात होतं. माणूस गेला आणि ही बाई झाडाचं काय घेऊन बसली, म्हणून मला त्यांचा रागच आला. आता येत नाही.

वासूदादा माझा मावसभाऊ. विजेच्या खात्यात लाइनमन होता. तारांना टेकणाऱ्या फांद्या तोडण्यात त्याची सगळी नोकरी गेली आणि गावोगावच्या शिव्याही त्यानं त्यापायीच खाल्ल्या. निवृत्तीनंतर नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यानं बोन्साय पाहिलं आणि गडी वेडा झाला. त्याच हिवाळ्यात साकोलीला आमच्या कॉलनीच्या आवारात फरशी बसवायला घेतली. फाटकाजवळची जुनी सावनी मजुरांनी मुळासकट उपटून भिंतीला टाकून दिली. श्रावणात गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखी फुलं येणारं हे झाड, पण तेव्हा त्यावर पानही नव्हतं. मी सहज फोनवर बोललो, तर तासाभरात दादा ओल्या पोत्यासह हजर. मांडीएवढं खोड त्यानं वीतभर ठेवून करवतीनं उडवलं, जाड मुळं छाटली. "सरण रचाले नेतोस का?" मी विचारलं. त्यानं सालीवर नख ओढलं. आत हिरवी रेघ उमटली. "जित्ती हाय," तो म्हणाला, आणि पुढं कितीतरी दिवस तो माणूस त्या एका शब्दावर खूश होता.

उथळ कुंडीच्या तळाला त्यानं मोठी भोकं पाडली, त्यांवर जाळी, मग विटांचे तुकडे आणि रेती. मी म्हटलं, तळ्याचा गाळ टाक, सोनं असतं. तो हसला. "हे काही बांधीतलं धान नाई, बापा. याले पाणी आलं पायजे आन् गेलं पायजे." चैत्रात खोडाला लालसर कोंब फुटले. खात्यातून उरलेली अॅल्युमिनियमची तार त्यानं कोवळ्या फांद्यांना गुंडाळली आणि रोज जराशी वाकवत राहिला. दर पावसाळ्यात कळ्या यायच्या आणि दर पावसाळ्यात तो त्या खुडून टाकायचा. आधी फांद्यांत जोर येऊ दे, असं त्याचं म्हणणं. वहिनी चिडायच्या. "एकडाव तं फुलू द्या. काहून छळून राहिले तिले?" मागच्या पावसाळ्यात कळ्या खुडता खुडता त्यानं त्यांना शब्द दिला, "पुढच्या श्रावणात नाई तोडत. तुह्यासाठीच फुलन ते." मी तिथंच चहा पीत होतो. वहिनी लाजल्या होत्या.

उन्हाळ्यात त्याचं लिव्हर बिघडल्याचं निदान झालं आणि तो दवाखान्यातून परत आलाच नाही. खाटेवरून त्याचं एकच पालुपद, "झाडाले पाणी टाकत जाजो." वहिनी एक दिवसाआड नागपूरला जायच्या, पण कुंडीत पाणी ओतल्याशिवाय घर सोडायच्या नाहीत. फक्त त्या शेवटच्या दिवशी पहाटेच बोलावणं आलं...

तेराव्यानंतर मी कुंडी जरा तिरकी करायला गेलो तर ती उचलेना. आत नुसतं पाणी साचलेलं, कुजक्या मुळांच्या वासाचं. पाणी उपसून खाली पाहिलं तर तळाची भोकं चिकणमातीनं बुजवलेली होती. अंगठ्यानं दाबून, वरून बोट फिरवून, अगदी साफ काम. वहिनींचं माहेर करडी गावचं. लहानपणापासून धानाच्या बांधीत उतरलेल्या. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, खेकड्याचं बीळ दिसलं की पाणी निसटू नये म्हणून हात आपोआप चिखलाकडे जातो. ओतलेलं पाणी खालून वाहून जाताना पाहून त्यांचा जीव तुटला असणार. नवरा तिकडे हातचा जात होता, निदान पाणी तरी अडवावं... मी भोकं मोकळी केली आणि हात धुऊन टाकले.

आता श्रावण आहे, धानाची रोवणी आटोपत आली आहे. परवा गेलो तेव्हा खोडावर एक पान नव्हतं. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे भाऊ करत तसं नख लावून पाहा ना. जित्ती हाय का?" मी खाली वाकलो. साल आधीच खरवडलेली होती. वरून खालपर्यंत, चारी बाजूंनी, पार मातीला टेकेपर्यंत नखाच्या रेघा, आणि सगळ्या तपकिरी. मला नख लावायला जागाच उरली नव्हती.

वर पाहिलं तर वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. "यंदा ऊनच लय झालं," मी म्हणालो.

"हो ना," त्या म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन त्यांनी कुंडीत पाणी ओतलं. खालून ते वाहून अंगणात आलं. त्या ते बघत उभ्या राहिल्या.