वरणातली गोळी

सासूबाईंना वाटायचं, त्यांच्या ताटात कुणीतरी काहीतरी कालवतं. स्वयंपाक मीच करायची, म्हणजे संशय कुणावर ते सांगायला नको. सेनगावच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर येतात. परीक्षेच्या धास्तीनं झोप उडालेल्या पोरी, दारू न सुटणारे बापे, म्हातारेकोतारे, सगळे एकाच बाकावर. आम्ही सासूबाईंना नेलं, गोळ्या आणल्या. त्या म्हणाल्या, "मला काय झालं न्हाई. तुमीच खा."

मग नवऱ्यानं अक्कल चालवली. गोळी कुटून वरणात घाल म्हणाला. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी लपवून देऊ नका असं बजावलं होतं, पण ऐकतो कोण? गुणही आला. सासूबाई माझ्या लेकीची वेणी घालायला लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प बसले.

नवरात्र आलं आणि माझं धाबं दणाणलं. सासूबाईंचा उपवास कडक. भगर, रताळं, तेही स्वतः शिजवलेलं. उपवासाला औषध चालतं हो, पण वरणच बंद तर औषध जाणार कुठून? हळूहळू त्या भिंतीशी पुटपुटायला लागल्या.

एका दुपारी मी रानातून आले तर घरात लेक नाही, सासूबाई नाहीत. विहिरीकडे पळाले. काठावर कुणी नव्हतं, पण आत वाकून बघायची हिंमत होईना. इतकी मी कधीच भ्याले नव्हते. तेवढ्यात सोयाबीनच्या गंजीमागे हालचाल दिसली. सासूबाई लेकीला पोटाशी आवळून, तिच्या तोंडावर हात दाबून बसल्या होत्या.

"वरडू नको लेकरा, ते येऊन राहिले."

मी जवळ जायला धजेना. ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आधी त्यांना खरं सांगा." तोवर नवराही धावत आला होता. बोलले मात्र मीच. "आत्याबाई, वरणात मीच गोळी घालत व्हते. तुमाला बरं वाटावं म्हणून."

लेकीच्या तोंडावरचा हात खाली आला. सासूबाई लेकाकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "म्या सांगत व्हते ना? अन् तुमी मलाच येडी ठरवलं."

आता त्या स्वतःहून दवाखान्यात जातात. गोळी स्वतःच्या हातानं पाकिटातून काढून घेतात. मी लेकीला वाढलं की मात्र ताट आधी स्वतःकडं ओढतात. एक घास खाऊन बघतात, थोडं थांबतात, मगच नातीला खाऊ देतात. तेवढा वेळ मीही श्वास रोखून बसते.