सहाच्या आतलं जेवण

माझ्या सासूबाई तानुबाई यांना नेम मोडणं माहीत नाही. जगबुडी आली तरी एकादशीला भगर ती भगरच. अशा बाईला परभणीच्या डॉक्टर लोकांनी संशोधनात घेतलं, हीच पहिली चूक.

आमच्या चुडाव्यातल्या साखर आणि वजन वाढलेल्या बायांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकानं नेहमीसारखं जेवायचं, दुसऱ्यानं दिवसाचं सगळं खाणं संध्याकाळी सहाच्या आत उरकायचं. तीन महिन्यांनी वजन, रक्त तपासून फरक बघायचा. सासूबाई दुसऱ्या गटात आल्या. तपासायला येणारी राजेश्री म्हणालीही होती, "एखाद्या दिवशी चुकलं तर चालतंय मावशी, फक्त खरं सांगा." पण ते ऐकतंय कोण? सासूबाईंच्या लेखी ते संशोधन नव्हतंच, व्रत होतं.

वजन उतरलं, गुडघ्यांची कुरकुर थांबली. आम्ही खूश. मग त्यांच्या भाचीच्या साखरपुड्यात पंगत सातला बसली. सख्खा भाऊ, मुंजाजीमामा, ताट घेऊन समोर उभा राहिला तरी बाईनं घास तोंडात घातला नाही. मामा अजून फुगलेलेच आहेत.

आणि त्याच पंधरवड्यात केशरबाईंचं आमंत्रण आलं. केशरबाई बौद्धवाड्यातल्या, सासूबाईंची जन्माची मैत्रीण. दोघींनी एकाच रानात खुरपणी केली. आमच्या गल्लीतलं कुणी त्यांच्या घरी पाणी पीत नव्हतं, तेव्हा सासूबाई त्यांच्या पंगतीत जाऊन बसल्या आणि घरी येऊन सासूच्या शिव्या खाल्ल्या. आता केशरबाईंच्या सिद्धोधननं नवं घर बांधलं होतं. तो पूर्ण्याला रेल्वेत, सुट्टी संध्याकाळीच. म्हणून बुद्धवंदना सहाला आणि जेवण त्यानंतर.

सासूबाईंची झोप उडाली. "केशरकडं जेवले तर मुंजाजी म्हणंल, भावाचं ताट लोटलं अन् तिथं बरं गिळलं. न जेवले तर ती काय समजंल?"

"सांगा ना त्यांना खरं," मी म्हणाले.

"आमच्या आळीतली बाई तिच्या घरी जेवत न्हाई म्हणल्यावर खरं कोन ऐकतंय, प्रियांका? भंतेजी बारानंतर जेवत न्हाईत, त्याचं कुनाला वाईट वाटत न्हाई. माझं वाटतंय."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. एवढी मोठी बाई, आणि सहा वाजले की कोंडलेल्या जनावरासारखी दाराकडं बघायची.

त्यांनी एक शक्कल काढली. चारलाच जायचं आणि आधी जेवून घ्यायचं. गेलो, तर बुंदी अजून तळायची होती, भात चुलीवर चढला नव्हता. शिवाय वंदनेआधी घरची माणसंच जेवली नव्हती, पाहुणी कशी जेवणार? मांडवात बसून सासूबाई घड्याळाकडं बघत राहिल्या. सहा वाजून गेले. वंदना झाली, पंगत बसली.

केशरबाईंनी स्वतः ताट आणलं. सासूबाईंनी हात जोडले. "केशर, माझा सहानंतर नेम हाय गं. त्या डाक्टरांचा."

केशरबाई हसल्या. "बरं बरं," म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती. गव्हाचं पीठ, तुरीची डाळ, गुळाचा खडा. माझ्या लगेच लक्षात आलं नाही. सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. पूर्वी यांच्या घरचं शिजलेलं जे खात नसत, त्यांना असा कोरडा शिधा द्यायची रीत होती. न्यावा आणि आपल्या चुलीवर शिजवून खावा.

"रिकाम्या हातानं कसं धाडू माय तुला?" केशरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. मुंजाजीमामा, डॉक्टर, नेम, सगळं बाजूला सारून त्या पंगतीत बसल्या. "वाढ मला."

केशरबाईंनी पदरानं डोळे टिपले. "आता नगं, तानू. आता जेवलीस तर माझं मन राखायला जेवलीस असं हुईल."

आणि त्या शेजारच्या पानावर बुंदी वाढू लागल्या.