ढोलीतला उमेदवार

पुण्याच्या आयटी कंपन्यांना खेटलेल्या माण गावच्या शुभांगीनं प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा भावकीची चांगलीच करमणूक झाली. शेतात इमारती उभ्या राहिल्या होत्या, खोल्या भाड्यानं गेल्या होत्या. पोरीनं कॉम्प्युटर शिकून समोरच्याच कंपनीत चिकटावं, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. ही मात्र मुळशीच्या डोंगरात उदमांजरांच्या वाटेवर कॅमेरे बांधत हिंडायची. कुणी विचारलंच तर वडील एकनाथ सांगायचे, "फॉरेस्टमदी हाय." खरं तर ती पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत होती.

यंदा त्या संस्थेला मादागास्करच्या संशोधकांबरोबर काम करायची संधी मिळाली. तिथले लेमूर म्हणजे माकडांचे लांबचे भाऊबंद. त्यांच्यातल्या रात्री हिंडणाऱ्या आणि नामशेष व्हायला टेकलेल्या जातींपैकी एक निवडायची, आणि पुढची काही वर्षं तिचाच अभ्यास करायचा. कोणती निवडावी आणि का, हे मांडायचं काम शुभांगीकडे आलं.

तिनं मनोमन निवडून टाकला होता तो मुठीत मावेल एवढा, टपोऱ्या डोळ्यांचा उंदीर-लेमूर. संस्थेच्या प्रमुख मेधाताईंनाही तोच आवडला होता. "फोटो बघूनच लोक प्रेमात पडतील," त्या म्हणाल्या होत्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी शुभांगी लॅपटॉप घेऊन चुलतीसमोर, गोजराबाईंसमोर बसली. त्या पावटा सोलत होत्या.

"काकी, उद्याचं बोलून बघते. मधी बोलू नको हां."

"बोल की. मी कशाला बोलतीया?"

दुसऱ्याच चित्राला गोजराबाईंचा हात थांबला. झाडाच्या ढोलीतून एक करडा लेमूर त्रासिक तोंडानं बाहेर बघत होता.

"आगं बया! ह्यो तर आमचा सासरा!"

"काकी!"

"खरंच. असाच उंबऱ्यातनं बघायचा. काय करतो ह्यो?"

"रात्री पाला खातो. दिवसभर ढोलीत बसून असतो."

"मग सासराच. पोरंबाळं?"

"वर्षाला एखादं." शुभांगीला हसू आवरेना. "एवढ्याशाच झाडीत उरलेत. जुनी झाडं तोडली की ढोल्या जातात, मग यांना घरच नाही."

"आन त्यो पहिल्या चित्रातला बारका?"

"तो त्यातल्या त्यात जास्त रानांत उरलाय. त्याच्यावर कामंही चाललीत."

बोलता बोलता ती अडखळली. इंग्रजीत झकास वाटणारी कारणं मराठीत सांगायला गेल्यावर एकच कारण हाती उरत होतं: तो दिसायला गोड आहे. तिनं लॅपटॉप मिटला.

"मला इचारशील तर बारकाच घे," गोजराबाई म्हणाल्या. "लई ग्वाड हाय."

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिनं ढोलीतल्या लेमूरचं नाव पुढं केलं, तेव्हा मेधाताईंचा चेहरा पडला.

"अगं, तुझं तर मत वेगळं होतं ना?"

"होतं, ताई. पण कारण शोधायला गेले आणि सापडलंच नाही. गरज याला जास्त आहे."

"याच्याकडे बघणार कोण? केवढा वैतागलेला दिसतो!"

"माझी काकी म्हणते, हुबेहूब तिचा सासरा," शुभांगीच्या तोंडून निसटलं.

आधी कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. मेधाताईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "मादागास्करच्या लोकांना विचारून बघू," त्या म्हणाल्या.

तिकडच्यांना पहिल्यापासून तोच हवा होता. केवळ पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून बिचारे गप्प होते! आठवड्याभरात सगळं ठरलं, आणि सुरुवातीच्या कामाला तिकडं जायचं म्हणून शुभांगीचंच नाव निघालं.

घरी सांगितल्यावर एकनाथांनी आधी मादागास्कर कुठं आहे ते विचारून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तितं खायाचं काय?"

"भात, आबा. तिन्ही वेळा भातच खातात."

"आरं तिच्या!" त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग तर आपल्यातलीच माणसं हायेत की. जा खुशाल!"