साहेबांना वळायला जागा

"या घरात एक तर तुमचे साहेब राहतील, नाहीतर मी!"

हे वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. कान लावून नाही बरं का. आमच्या आणि शेजारच्या घरामधली भिंतच अशी पातळ, की तिकडे कोणी शिंकलं तर इकडून "जपा हो" म्हणावं. शेजारी राहायचा काचवाला आणि त्याची बायको. खिडक्यांना, कपाटांना काचा बसवायचा त्याचा धंदा. तो मोजकं बोलायचा. त्याच्या वाटणीचं ती बोलून टाकायची.

"अगं हळू. ताईंना ऐकू जाईल."

"जाऊ दे! ताईंनाही कळू दे, नवऱ्यानं निजायची खोली कुणासाठी मागितली ते. माशासाठी!"

साहेब म्हणजे मासा. काचवाला माशांच्या एका दुकानात काचा बसवायला गेला होता, तिथे त्याला हा दिसला. बोटाएवढा, काळा, अंगावर पांढरा पट्टा, तांबडी शेपटी आणि म्हाताऱ्यासारख्या लांब मिशा. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा की. टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो." दुकानदाराचं काय जातंय सांगायला!

घरच्या टाकीत आधीचे रंगीत मासे होते. ते एकेक करून नाहीसे झाले. बायकोनं आळ घेतला मांजरावर, आणि ते बिचारं रुसून माझ्याकडे राहायला आलं. मग एका सकाळी या नव्या पाहुण्याच्या तोंडातून सोनेरी शेपटी बाहेर आलेली दिसली. दिवसभर लोळायचं, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, पण जेवण वेळेवर हवं. म्हणून बायकोनंच त्याला साहेब नाव ठेवलं.

साहेब वाढले. बोटाचे मनगटाएवढे झाले, मनगटाचे हाताएवढे. काचवाला दर खेपेला नवी टाकी करायचा. कामात सफाई अशी, की सांध्यातून थेंब गळायचा नाही. पण माणूस जन्मभर चौकटीत काचा बसवत आलेला. त्यानं माशाचंही तसंच केलं. लांबी घेतली, जरा सूट ठेवली, टाकी तयार. काचेला एकदा बसवलं की हलायचं नसतं. माशाला मात्र वळावं लागतं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा साहेबांचं नाक काचेवर घासून सोललं होतं. म्हणून तर ते खोलीचं भांडण.

"वळताना लागतं गं त्याला."

"मग वळू नका म्हणावं. मी नाही का या स्वयंपाकघरात सरळ आत जाते आणि उलट्या पावली बाहेर येते?"

पुढे चार दिवस दोघं माझ्यामार्फत बोलत होती. "ताई, यांना सांगा जेवण झाकून ठेवलंय."

मग एका दुपारी ती माझ्या दारात आली, कोपरापर्यंत ओली. नवरा कामावर गेलेला. म्हणाली, "ताई, चला लवकर. साहेब अडकले."

मी गेले. बघते तर काय, एवढा दांडगा जीव, अंगाची घडी करून टाकीत आडवा अडकला होता. नाक एका काचेला, शेपटी दुसऱ्या काचेला. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. तिनं त्याच्या पोटाखाली हात घातला आणि हळूहळू सरळ केला. मिशा तिच्या मनगटाला लागल्या. ती उठली आणि आतल्या खोलीतली गादी गुंडाळायला लागली.

संध्याकाळी नवरा आला, तर पलंग बाहेर आणि बायको खोलीत झाडू मारतेय.

"अगं, हे काय?"

"बघताय काय? विटा कधी आणताय?"

अर्धी खोली त्यांनी पाण्याला दिली. तीन बाजूंनी वीट-सिमेंट, पुढून जाड काच. मी म्हटलं, "भाऊ, माझी भिंत पडली तर मी पोहत तुमच्याकडे जेवायला येईन हं." तो हसला, आणि माझ्या भिंतीच्या बाजूला आणखी एक थर चढवला. टाकी झाली तरी मासा सोडता येईना. नव्या सिमेंटचा उग्रपणा पाण्यात उतरतो. भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. इकडे साहेबांनी अन्न सोडलं. बायको रोज कोळंबी सोलून धरायची, म्हणायची, "खा हो. खोली होतेय तुमची." अंगानं सुकत चालले होते. एवढं करून उपयोग होतो की नाही, या काळजीनं तिघांच्या तोंडाची चव गेली.

शेवटी पाणी निवळलं. आम्ही ओल्या चादरीत धरून साहेबांना नेलं. काय ते वजन, आणि काय ते हाताखाली धडधडणं!

सोडल्यावर मासा तळाशी निपचित. मग जरासा पुढे गेला आणि थांबला. जुनी काच जिथे असायची, बरोब्बर तेवढ्यावर. मिशा पुढे करून चाचपडला. काही नाही. पुन्हा चाचपडला. मग हळूच निघाला, पार टोकापर्यंत, आणि तिथे वळला. आख्खा वळला! शेपटी कुठे लागली नाही, नाक लागलं नाही. तांबडी शेपटी पाण्यात अशी फिरली की खोलीभर उजेड हलल्यासारखं वाटलं. एवढं मोठं काही मी आयुष्यात घराच्या आत बघितलं नव्हतं. काचवाल्यानं काचेवरचे ओघळ बाहीनं पुसले. बायको एवढंच म्हणाली, "वळले बाई."

त्यानंतर दोघं बाहेरच्या खोलीत निजली, कायमची. कोणी हसलं तर तीच फाडकन सांगायची, "आमचं काय, आम्ही कूस बदलली की झालं."

आता काचवाला नाही. साहेब आहेत, बायको त्यांचं बघते.

तो गेला त्या दिवशीही सकाळी माझ्या दारावरून बाजाराला निघाला. "ताई, काही आणायचं?" मी म्हटलं, लिंबं. परत आला तो आधी लिंबं देऊन गेला, कोळंबीचा वास लागू नये म्हणून ती वेगळ्या पिशवीत. मग घरी जाऊन कोळंबी सोलली. तुकडा नेहमी साहेबांच्या पाठीमागच्या, लांबच्या कोपऱ्यात टाकायचा, म्हणजे त्यांना पुरतं वळावं लागे. भिंतीपलीकडून मला रोजच्यासारखं ऐकू आलं.

"वळा साहेब, वळा. सावकाश. जागा आहे."