चार बोटांची चीर

सौंसरच्या बाजारात भर दिवसा, चार लोकांसमोर, धोतर बाजूला सारून कमरेखालची उजवी बाजू उघडी करून दाखवणारा एकच माणूस मी पाहिला आहे. तो वेडा नव्हता. तो निवृत्त महसूल निरीक्षक होता आणि लोक त्याच्यापुढे हात जोडून उभे राहत. "पाहा," तो म्हणायचा, "बोटं लावून पाहा. चारच बसतीन. पाचव्याले जागा नाही." मग समोरचा खरोखर त्याच्या व्रणावर आपली बोटं टेकवायचा आणि "वा साहेब!" म्हणायचा. धोतर सारखं करून तो पुढच्या दुकानाकडे निघायचा.

गावात सगळे त्याला ढोबळेसाहेब म्हणत. मीही तोंडावर म्हणत होते, कारण मी तहसील कचेरीत कारकून होते आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीवर त्याच्या निरोप समारंभाचा फोटो होता. इथे मात्र मी त्याला 'तो' किंवा नुसतं 'ढोबळे'च म्हणणार आहे. बाकी काही मला त्याचं वाकडं करता आलं नाही, निदान एवढं तरी करते.

त्याच्या खुब्याचं ऑपरेशन नागपूरला झालं होतं. त्या काळी आमच्याकडे खुब्याचं ऑपरेशन म्हटलं की लोक पेशंटच्या बायकोकडे दयेने बघत. हा मात्र महिन्याभरात काठी घेऊन बाजारात हजर झाला आणि त्या दिवसापासून सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतच्या सगळ्या दुखऱ्या खुब्यांचा धनी होऊन बसला. ज्याला नागपूरला जायचं असेल तो आधी त्याच्या ओसरीवर जायचा. त्याची ठरलेली वाक्यं होती. "डॉक्टरले सांगाचं, चीर चार बोटांच्या वर नको." "डॉक्टर भेव दाखवते, आपण भेव घ्याचं नाही." आणि सगळ्यात लाडकं, "एकदा का खुर्ची धरली, का माणूस कामातून गेला."

खोटं कशाला बोलू, तो लोकांच्या उपयोगीही पडे. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला तो पोचायचा, नागपूरच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा धरून द्यायचा. लग्नाच्या पंगतीत तो कधीच आधी जेवत नसे. खांद्यावर उपरणं टाकून रांगांमधून फिरायचा, "इकडे कढी आणा जी, इकडे पोळी वाढा" असं ओरडायचा. लोक म्हणत, काय माणूस आहे, स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला जेवू घालतो. मीही म्हटलं आहे.

माझी आई मोहगावच्या दोन खोल्यांच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. रोज सौंसरहून बसने जायची आणि फाट्यापासून शाळेपर्यंत पायी चालायची. पंचावन्नाव्या वर्षी तिचा डावा खुबा झिजला. आधी ती लंगडायला लागली, मग रस्त्यात दोनदा बसायला लागली, आणि शेवटी एक दिवस बाबांना म्हणाली, "मले कोणी हाताले धरून शाळेत नेलेलं चालत नाही. माह्या पायानं जाता आलं तं जाईन, नाही तं राजीनामा देईन." तिला दुसरं काहीच नको होतं. फाट्यावर उतरावं आणि आपल्या पायांनी शाळेच्या दारात पोचावं, एवढंच.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिला फोटो दाखवून समजावलं. हाडाचा झिजलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवायचा, वाटीही नवी घालायची. आई ढोबळेची शिकवण पाठ करूनच गेली होती. तिने विचारलं, "चीर चार बोटांत होईल का?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून सरळ सांगतो. चीर वरची कातडी आहे, ती पंधरा दिवसांत भरते. गोळा आत नीट बसलाय की नाही ते मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तुमच्यासाठी मला वीतभर लागेल. पण खरी गोष्ट पुढे आहे. खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, पाटावर बसून पुढे वाकणं नाही. पहिले काही महिने तर बिलकुल नाही, आणि नंतरही जन्मभर जपायचं."

ऑपरेशन चांगलं झालं. आई आधी वॉकरवर आणि मग काठीवर आली. बाबांनी खाटेच्या पायांखाली विटा लावल्या, सुताराकडून मधे भोक असलेली उंच खुर्ची करून संडासात ठेवली. तिसऱ्या महिन्यात आई आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जाऊन आली. घामाघूम झाली होती आणि हसत होती. महालक्ष्म्या झाल्या की शाळेत रुजू व्हायचं ठरलं.

त्याच आठवड्यात ढोबळे चौकशीला आला. आईची चीर वीतभर आहे हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "फसवलं बाई तुमाले. खाटीक हाय का तो?" मग त्याला ती खुर्ची दिसली, विटा दिसल्या. "आन् हे काय लावलं? असं खुर्चीवर बसून राहाल तं सांधा जाम होईन. मी तं तिसऱ्याच महिन्यात मांडी घालून बसलो. पाहा माह्याकडे!" आणि उठला धोतर सारायला.  त्या दिवसापासून आई खुर्चीवर बसली की चोरासारखी बसे.

महालक्ष्म्यांच्या दिवशी तो जेवायला होता. आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील, पुरण असा सगळा नैवेद्य घरच्या सवाष्णीने पाटावर बसून दाखवायचा असतो. मी आईसाठी खुर्ची आणली. ओसरीवरून ढोबळेचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "काय बाई, खुर्चीवर बसून कोणी महालक्ष्म्या जेववते का? देवीच्या वर बसता का तुमी?"

बायका हसल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आई, नको." तिने काठी माझ्या हातात दिली, खांबाला धरून पाटावर बसली आणि नैवेद्याचं ताट पुढे सरकवायला वाकली. खट् असा आवाज आला. तो मला ऐकू आला, बायकांनाही आला. मग आई ओरडली. माझ्या आईला मी त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

जीपमध्ये तिला आडवं घालून आम्ही नागपूरला निघालो तेव्हा ढोबळे कुठेच दिसला नाही. गोळा वाटीतून निसटला होता. डॉक्टरांनी भूल देऊन तो जागेवर बसवला. आठ दिवसांनी तो पुन्हा निसटला. पुन्हा उघडावं लागलं, आणि यावेळची चीर पहिलीहून मोठी होती. आईचा पाय बोटभर आखूड झाला, ताकद गेली, दोन कुबड्या आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "खाली बसा असं कोणत्या डॉक्टरने सांगितलं?" आई म्हणाली, "आमच्या गावचे एक साहेब आहेत."

परत आल्यावर मी भांडायलाच त्याच्या घरी गेले. दुपारची वेळ, न कळवता. दार उघडंच होतं. ढोबळे उंच खाटेवर बसला होता, खाटेखाली विटा होत्या. त्याची बायको, आमच्या काकू, खाली बसून त्याच्या पायात मोजे चढवत होत्या, कारण त्याला स्वतःच्या पावलापर्यंत वाकता येत नव्हतं. कोपऱ्यात, पडद्यामागे, आमच्याकडे होती तशीच भोकाची खुर्ची होती.

मी त्या खुर्चीकडे पाहिलं. काकूच म्हणाल्या, "पोरी, यायले कुठची मांडी! पाच वर्षं झाले, जमिनीले टेकले नाही. पंगतीत उभे राहतेत, घरी येऊन खाटेवर जेवतेत."

"तू चूप राय व," तो म्हणाला.

"काहून चूप राहू? बाईचा पाय गेला! आन् गोळा तरी कुठं बदलला यायचा? मोटरसायकलवरून पडले, हाड मोडलं, तं खिळा ठोकून जोडलं. तेवढ्याले चार बोटं पुरते."

मी विचारलं, "साहेब, आईचं ऑपरेशन येगळं हाय, हे तुमाले माहीत होतं?"

 "लोकं माह्याकडे विचाराले येतेत," तो म्हणाला. "त्यायले काय सांगू, का मी लंगडा हावो म्हणून?" मला त्याची कीव यायला हवी होती, असं नंतर बाबा म्हणाले. आली नाही. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

आईने राजीनामा दिला. मला वाटलं, आता हा माणूस आमच्या दारात पाय ठेवणार नाही. पण संत्र्यांच्या हंगामात तो आलाच, आणि एकटा आला नाही. सोबत गल्लीतल्या शिंप्याची बायको शेवंताबाई होती, तिचा खुबा गेला होता, आणि तिचा नवरा होता. अंगणातूनच ढोबळेने आईकडे हात केला. "पाहा, मोठी चीर केली का हे असं होते. म्हणून म्हणतो, नागपूरच्या त्या डॉक्टरकडे जाऊ नका."

 आई शांत होती. "सुनंदा," ती म्हणाली, "चटई टाक." मी चटई अंथरली.

"बसा साहेब," आई म्हणाली. "मांडी घालून बसा. शेवंताबाईले पाहू द्या."

"नाही बाई, घाई हाय."

"बसाले कितीक वेळ लागते? बसा न जी."

"पाय जरा अवघडून राहिला."

"कवापासून?"

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. शेवंताबाईने एकदा चटईकडे पाहिलं, एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं. अडाणी म्हणत तिला लोक, पण तिला सगळं कळलं. आईशेजारच्या खुर्चीवर ती जपून बसली आणि म्हणाली, "बाई, मंग मी डॉक्टरले काय काय विचारू?"

"पह्यले विचारा, हाडाले काय झालं आन् काय बदलणार. एकाचं ऑपरेशन दुसऱ्यासारखं नसते. चिरीचं सगळ्यात शेवटी विचारा. लहान चिरीत होत असन तं चांगलंच हाय, पण ते त्याले ठरवू द्या. मंग विचारा, घरी आल्यावर काय कराचं नाही. ते कागदावर लिहून घ्या. खाटेखाली विटा, संडासात उंच खुर्ची, हे जायच्या आधीच करून ठेवा. आन् कोणी कितीही हासलं तरी खाली बसाचं नाही. म्हणून दाखवा."

शेवंताबाई म्हणू लागली. चुकली की आई थांबवायची आणि पहिल्यापासून म्हणायला लावायची. आईचा आवाज चढला होता, मोहगावच्या वर्गात चढायचा तसा.

मी चहा करून आणला तेव्हा शिंपी बायकोजवळ बसला होता आणि ढोबळे चटईच्या कडेला तसाच उभा होता, काठीवर भार देऊन. मी ट्रेमध्ये तीनच कप आणले होते.