द्वादशीला न होणारी चोरी

फुलचोरीची ती तक्रार निवृत्तीनंतरही मला आठवते आणि आठवली की आधी हसू येते. म्हैसूरच्या एका नव्या वसाहतीचे ठाणे तेव्हा माझ्याकडे होते. एके दिवशी रहिवासी संघाचे सचिव सात-आठ जणांना घेऊन आले. उजाडता उजाडता कोणीतरी कुंपणावरची जास्वंद, मोगरा, तुळशीचे शेंडे तोडून नेत होते. चोर कोण, हेही त्यांनी ठरवूनच आणले होते. नंजनगूडहून पहिल्या बसने येणारी आणि वसाहतीतून चालत जाऊन नाक्यावर टोपली मांडणारी फुलवाली. तिला तिथून उठवा, एवढीच मागणी.

मी बाईला बोलावून जबाब घेतला. नवरा नाही, घरात दोन मुली, सगळा संसार त्या नाक्यावर. गिऱ्हाईक तिथले, जागा गेली की सगळेच गेले. ती रडली नाही, कन्नडमध्ये कडकडून भांडली. पुरावा दाखवा, मग उठवा, म्हणाली. खोटे बोलणारा माणूस ठाण्यात सहसा गोड बोलतो, असा माझा अनुभव. मी सचिवांकडून मुदत मागून घेतली.

ठाण्यात गस्तीसाठी वसाहतीचा नकाशा टांगलेला असे. सकाळच्या शिपायाला घरोघर विचारायला सांगितले आणि जिथली फुले गेली त्या घरावर टाचणी टोचत गेलो. हवालदार म्हणे, सार, खुनाच्या तपासातसुद्धा एवढ्या टाचण्या लागल्या नव्हत्या. पण महिनाभरात चित्र उमटले. टाचण्या एका गल्लीच्या चारी बाजूंना दाटल्या होत्या आणि ती गल्ली मात्र कोरी. बागा तर तिथेही बहरलेल्या. शिवाय फुलवालीची रोजची वाट त्याच गल्लीतून. चोर ती असती तर हाताशी आलेली जास्वंद सोडून आडरस्त्याला कशाला वळली असती? शेजाऱ्यांच्या फुलांना हात लावायला संकोचणारे कोणीतरी त्या गल्लीत राहत होते.

गल्लीत घरे पुष्कळ. म्हणून मी चौकटीच्या कागदावर रोजचा तक्ता मांडला; फुले गेली की लाल खूण, तुळस गेली की हिरवी. लाल खुणा रोज होत्या. हिरवी खूण मात्र साधारण पंधरवड्याने एक दिवस गायब व्हायची. घरी नेऊन त्या कागदाकडे बघत बसलो, तेव्हा बायकोने भिंतीवरची दिनदर्शिका काढून शेजारी ठेवली.

"अहो, ही द्वादशी आहे. द्वादशीला तुळस तोडत नाहीत. तुमचा चोर सोवळ्यातला दिसतो."

द्वादशीची तुळस आदल्या दिवशीच तोडावी लागणार, म्हणून पुढच्या एकादशीला साध्या कपड्यांत पहाटे गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. पलीकडच्या कुंपणावरची फांदी छत्रीच्या मुठीने वाकवून, फुले कापडी पिशवीत टाकून एक म्हातारे समोर आले आणि मी ओळखले. माझी पहिली वर्दी याच शिंपीमामांनी शिवली होती.

चौकशी त्यांच्याच जिन्यावर बसून झाली. जुने घर विकून ते मुलाकडे वरच्या मजल्यावर राहायला आले होते. तिथे कुंडीलाही जागा नव्हती. मामी होत्या तोवर विठ्ठलाचा हार त्याच गुंफत. त्या गेल्यावर मामांनी ते काम घेतले. विकत का आणत नाही, म्हणून विचारले.

"हातानं तोडून गुंफलं की ती जवळ असल्यागत वाटतं रे. पण शेजाऱ्यांची कशी तोडू? नाचिके नको का माणसाला?"

लाज होती, फक्त ती गल्लीपुरती होती. फुलवालीवर आळ आला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. ते मी सांगितल्यावर त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, मला त्या लोकांसमोर ने.

संघाच्या बैठकीत मामांनी उभे राहून सगळे कबूल केले. लोक हसले, सुटल्यासारखे हसले. सचिव म्हणाले, अज्जा, देवासाठीच ना, मागितली असती तर आम्हीच दिली असती. मामा बसले नाहीत.

"मी तोडली तर देवासाठी, आणि त्या फुलवालीनं तोडली असती तर चोरी, हे कसं? ती बाहेर उभी आहे. आधी तिला आत बोलवा."

 सचिव स्वतः उठून दारापर्यंत गेले.

नकाशावर मला चोराची गल्ली सापडली, तक्त्यात त्याचा देव सापडला. पण त्या सगळ्यांनी बोट एकाच बाईकडे का दाखवले, याची टाचणी कुठल्या घरावर टोचायची ते मला आजही कळत नाही. तेव्हापासून फिर्याद घेताना एक सवय मात्र लागली. संशयिताचे नाव फार सहज आले की मी आधी नाव सांगणाऱ्याकडे नीट बघायचो.

फुलवाली नाक्यावरच राहिली. पुढे गस्तीवर जाताना मामा तिच्याशेजारी बसून सुटी फुले गुंफताना दिसत. गाठी सैल आहेत म्हणून ती त्यांना हार पुन्हा गुंफायला लावी. शिंप्याच्या हाताला नावं ठेवते बघ, असे ते मला मोठ्या कौतुकाने सांगत. मामी गेल्यापासून त्यांच्यावर असे रागावणारे कोणी उरले नव्हते.