सोमवारचा ट्रिगर

"ह्या पिस्तुलाचा स्क्रू कुणी फिरवला?"

सरांनी विचारलं तेव्हा रेंजवर आम्ही चौघंच होतो. आमचे प्रशिक्षक सर, ऋतुजा, शीतल आणि मी. दोघींनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यावरून सरांना काय ते कळलं.

"मी फिरवला, सर."

"कुणाला विचारून?"

ट्रिगर तपासणं हे माझं काम होतं. बदलणं त्यात येतं की नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मी परभणीच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिंगळीहून रोज ये-जा करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कमवा आणि शिका योजनेत मला कॉलेजच्या शूटिंग रेंजवर काम मिळालं. घरच्यांना वाटतं मी बंदुका चालवतो. प्रत्यक्षात मी छर्रे मोजून देतो, टार्गेटचे कागद बदलतो, पिस्तुलं पुसतो आणि ट्रिगरचं वजन तपासतो.

ट्रिगरचं वजन म्हणजे तो तराजूत टाकून केलेलं वजन नव्हे. छर्रा सुटायला बोटानं जेवढा जोर लावावा लागतो, तो जोर ग्रॅममध्ये सांगतात. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला नियम आहे, की हा जोर पाचशे ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. तपासायची रीत सोपी आहे. नळी आभाळाकडे करून पिस्तूल धरायचं, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि ते टेबलावरून हळू उचलायचं. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, की पास. जास्तीला मर्यादा नाही. पण जड ट्रिगर ओढताना हात हलायची भीती असते, म्हणून सगळे पाचशेच्या जरासं वर थांबतात.

आमच्याकडे पिस्तुलं तीन आणि नेमबाज सात. दोन नंबरचं पिस्तूल ऋतुजा आणि शीतल या दोघींत होतं. विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी दोन आठवड्यांवर आली होती आणि जागा चार होत्या. ऋतुजाची जागा जवळपास पक्की होती. शीतल कधी चौथी, कधी पाचवी. ती राणीसावरगावची, होस्टेलवर राहायची. घरी असं ठरलं होतं, की संघात निवड झाली तर रेंज चालू, नाही तर बंद. हे तिनं मला एकदा छर्रे परत करताना सांगितलं होतं, तेही मान खाली घालून.

तिचं गणित सोमवारी बिघडायचं. शुक्रवारी टार्गेटच्या नऊ-दहाच्या वर्तुळांत मारणारी मुलगी सोमवारी छर्रे खाली डावीकडे पाडायची.

"दादा, तुमी ट्रिगर हलका केलाय का?" तिनं एका सोमवारी विचारलं.

"नाही. शुक्रवारी मोजला तेवढाच आहे."

"मग मला थांबायची जागाच घावंना गेलीय. मी अजून नेम धरायलेय अन् हे सुटून जायलंय."

थांबायची जागा म्हणजे काय, ते सांगतो. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिला टप्पा सैल असतो. मग बोट एका ठिकाणी अडतं. तिथं थांबून नेम पक्का करायचा आणि हळूहळू जोर वाढवायचा. ही अडण्याची जागा बोटाला कळली नाही, तर छर्रा आपल्या आधी निघून जातो.

मी पुन्हा वजन लावून पाहिलं. पाचशे दहा. मंगळवारी पाहिलं, पाचशे दहा. थंडीनं स्प्रिंग बदलत असेल असं वाटून सकाळी आणि दुपारी वेगळं मोजलं. तेच. पिस्तूल बरोबर, मुलगी तीच, मग सोमवारी काय होतं? मला काही उमगेना. शेवटी मी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सुचेल ते केलं. शीतलला जड ट्रिगर बरा वाटत होता, ऋतुजाला हलका. मी स्क्रू फिरवून अंदाजानं मधलं काढलं, पाचशे पंचाहत्तर. मग दोघींचेही गुण घसरले. सरांनी त्या दिवशी पिस्तूल हातात घेतलं ते याच कारणानं.

"हिच्या सोमवारपायी माझा अख्खा आठवडा का बिघडवतोस?" ऋतुजा म्हणाली. तिचा राग खरा होता.

सर म्हणाले, "अरे बाबा, तू काय भाजीवाला आहेस का, मधला भाव काढायला? पाचशे दहाला आण. आणि चाचणी होईपर्यंत हात लावू नको."

मी आणला. हातही लावला नाही.

पुढच्या सोमवारी मी टेबलावर डब्या मांडत होतो. शीतल डबीतून छर्रा उचलायला गेली आणि तीन-चार छर्रे खाली सांडले. पुन्हा तेच. मग तिनं डाव्या हाताच्या नखानं एक छर्रा डबीच्या कडेला आणला आणि तसाच नळीत बसवला. छर्रा म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. तो तिच्या उजव्या हाताच्या बोटांना लागतच नव्हता.

"हात दाखव," मी म्हणालो.

"कशाला?"

"दाखव तर."

तिनं बराच वेळ घेऊन दाखवला. ट्रिगर ओढायच्या बोटाचं टोक जाड, पिवळट झालं होतं. नखाशेजारी बारीक चिरा होत्या.

"शनवार-ऐतवार घरी कापसाची वेचणी चालू हाय," ती म्हणाली. "बायका मिळंना गेल्यात. मी कसं नाही म्हणू? सरांना सांगू नका बरं. नेमबाजाचं बोट कसं जपावं, ते त्यांनी एकदा तासभर सांगितलंय."

कापसाच्या वाळलेल्या बोंडाची टोकं बोटाला टोचत राहतात. दोन दिवस वेचलं की कातडी लाकडासारखी होते. मग तीन-चार दिवसांत ती मऊ पडते. म्हणजे शुक्रवारी तिचं बोट जाग्यावर यायचं आणि सोमवारी पुन्हा परकं व्हायचं. मी पंधरा दिवस पिस्तूल मोजत बसलो होतो.

मला लाज वाटली, कारण हे बोट मला माहीत होतं. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जाते. त्या महिन्यांत सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारते, तिच्या बोटाला दोरा कळत नाही. कॉलेजात मी आईच्या कामाबद्दल कधी बोललो नव्हतो. शीतलनं हात का लपवला, ते मला विचारावं लागलं नाही.

सर यायला वेळ होता. मी सरांचं ऐकलं नाही, हे खरं आहे. शीतलनं डोळे मिटले, मी पिस्तूल छर्रा न भरता तिच्या हातात दिलं आणि बोट अडलं की सांग म्हणालो. पाचशे दहाला तिला काही कळेना. मी दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू जरा जरा कसत गेलो. पाचशेच्या वरचं मोजायला, वजनाला अडकवायला माझ्याकडे नट होते, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तोलून आणलेले. सहाशेला कधी कळायचं, कधी नाही. सहाशे चाळीसला दहाच्या दहा वेळा ती म्हणाली, "हां, अडलं."

चाचणी पुढच्या सोमवारी होती.

सर आल्यावर मी तिच्या हाताचं न सांगता नुसतं वजनाचं बोललो. ते वैतागले. चाचणीच्या तोंडावर असे खेळ करायचे नसतात, म्हणाले. तेवढ्यात शीतलनं स्वतःच पुढं येऊन हात टेबलावर ठेवला.

सरांनी बोट धरून उजेडात पाहिलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं न्हाई, सर. तुमी पिस्तुलाचंच विचारलं."

सरांनी तिचं बोट सोडलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, चाचणीत दोघींच्या फेऱ्यांमध्ये वेळ किती मिळेल.

"अर्धा तास, सर."

"तेवढ्यात बदलून पुन्हा पास करून घेशील?"

"माहीत नाही, सर."

"ठीक आहे. करून बघ."

चाचणीच्या दिवशी ऋतुजा पहिल्या फेरीत पाचशे दहावर खेळली. ती बाहेर येताच मी स्क्रू कसायला घेतला. स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. पिस्तूल माझ्या हातात पाहून ऋतुजानं न सांगता येऊन नळी धरली. तपासणीच्या टेबलावरच्या पंचांनी पाचशेचं वजन उचलून पास केलं, मग बोटानं ट्रिगर ओढून पाहिला.

"ताई, हा लय जड आहे. माहीत आहे ना?"

"माहितेय," शीतल म्हणाली. "मला असाच पाहिजे."

शीतलचे पहिले दहा छर्रे बरे गेले नाहीत. मला वाटलं, मीच बुडवलं तिला. नंतर ती सावरली. खाली डावीकडे जाणारे छर्रे साठांत दोनच निघाले. ती चौथी आली, पाचवीपेक्षा दोन गुणांनी पुढे.

हे ट्रिगरमुळे झालं, असं मला छातीठोक सांगता येत नाही. पाचव्या मुलीचाही तो दिवस वाईट होता. शिवाय हात दाखवून झाल्यावर शीतल मोकळी झाली होती, त्याचं वजन कशानं करायचं, मला ठाऊक नाही.

संघाचा फॉर्म भरताना सरांनी विचारलं, "शीतलच्या नावापुढं ट्रिगर किती लिहू? सहाशे चाळीस?"

"सामने पुढच्या महिन्यात आहेत, सर. तोवर कापूस संपून वेचणी उलगलेली असेल. बोट मऊ पडेल."

"मग किती?"

"आज नका लिहू."

त्यांनी ती जागा मोकळी सोडली. ट्रिगरचं योग्य वजन किती, हे कुणी विचारलं तर माझ्याकडे अजून आकडा नाही. वजन अडकवण्याआधी मी आता हात बघायला मागतो. परवा ऋतुजाकडेही मागितला.

"माझ्या बोटाला काय झालंय?" ती म्हणाली.

"तेच बघायचंय," मी म्हणालो.